माझी पट्टी काळी दोन

संपादकांचा फोन आला, "हौसाबाई, तुमचा प्रवास लिहा." मी म्हटलं, प्रवास एसटीनं केला, त्यात लिहिण्यासारखं काय असतंय? जन्म कुठला, शिक्षण कुठलं, पहिलं बक्षीस कुणाच्या हातून, हे सगळं कार्यक्रमाच्या पत्रकावर छापून येतं आणि लोक त्या पत्रकात शेंगदाणे बांधून नेतात. ते मी लिहिणार नाही. जन्मभर मी एकच काम केलं, पियानोपुढं बसून गायले. आणि एकच भांडण केलं, कुठल्या पट्टीत गायचं याचं. ते भांडण सांगते. पटलं तर छापा, न पटलं तरी माझी पट्टी बदलत नाही.

आधी पट्टी म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी मेख तिथंच आहे. पेटीवर किंवा पियानोवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात, त्या सगळ्यांनी बघितल्यात. गाणारा आपला 'सा' त्यातल्या एका पट्टीवर धरतो. ते त्याचं घर. तिथून निघायचं, वरखाली हिंडायचं आणि परत तिथंच यायचं. पहिली काळी ती काळी एक, तिच्या शेजारची काळी दोन, असं मोजत जायचं. बाप्ये साधारण काळी एकच्या आसपास गातात आणि बाया चांगल्या वर, काळी चार, काळी पाचला. बहुतेक गळ्यांना ते बसतं, म्हणून रीत पडली. मग रीतीचा नियम झाला आणि नियम झाला की त्याला राखणदार मिळतातच.

माझा गळा काळी दोनचा. बाईचा गळा आणि बाप्याची पट्टी. हल्ली लोक कौतुकानं म्हणतात, हौसाबाई म्हणजे पट्टीची गाणारी. मला हसू येतं. ह्याच पट्टीपायी मला अर्ध्या मुलखानं दारातून परत लावलं होतं.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, फौजेच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. गाव औंधाजवळ, जमीन थोडी आणि तीही खडकाची. पेन्शनीत आल्यावर ते पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेच्या गेटावर राखणदार म्हणून लागले आणि आम्ही शाळेच्या मागच्या खोलीत राहायला गेलो. त्या शाळेत पियानो शिकवायला फ्रेनीबाई होत्या. पारशी, एकट्या राहणाऱ्या, तोंडानं फटकळ आणि हातात कायम लाकडी पट्टी, ती मात्र मारायची. मी त्यांच्या वर्गाच्या खिडकीला नाक लावून उभी राहायचे. एक दिवस त्यांनी खिडकी उघडली आणि म्हणाल्या, काचेला शिकवून काय उपयोग, तू आत ये. दुपारी शाळेतल्या पोरी झोपायच्या तेव्हा बाई मला शिकवायच्या. कागदावरचे स्वर वाचायला, दोन्ही हात वेगवेगळे चालवायला, मनगट न वाकवता तासभर तीच तीच ओळ वाजवायला. बोटांवर किती पट्ट्या खाल्ल्या ते माझी बोटंच सांगतील.

एकदा म्हणाल्या, गाऊन दाखव. मी शाळेतल्या पोरींची नक्कल करून नाजूक, वरच्या आवाजात गायले. बाईंनी कानांवर हात ठेवले.

"ए तुझा आवाज नाय," म्हणाल्या. "ए तू भाड्यानी आणला. तू बापाला हाक कशी मारते, तशी मार."

आमच्याकडं त्याला हाळी म्हणतात. रानात एक माणूस ह्या बांधाला आणि दुसरं त्या टेकाला, मधे ऊस नाहीतर ओढा, तेव्हा जी लांबवर जाणारी हाक मारतात ती हाळी. ती गळ्यातनं येत नाही, बेंबीतनं येते. आणि हाळी ऐकली की दुसऱ्यानं 'ओ' द्यायचीच. असेल तिथनं, करत असेल ते काम टाकून. न दिली तर म्हातारी माणसं शिव्या घालतात. मी खिडकीत उभी राहिले आणि गेटाकडं तोंड करून आबांना हाळी दिली. तिकडनं आबांची "ओ" आली. तोवर फ्रेनीबाईंनी मागं पियानोवर एक पट्टी शोधून काढली होती. ती त्यांनी परत परत दाबली. काळी दोन.

"हां," म्हणाल्या. "इथे तू राहते."

त्यांच्याकडं एक तबकडी होती, भाच्यानं परदेशातनं पाठवलेली. अमेरिकेतली कुणी काळी बाई स्वतःच पियानो वाजवत गात होती. भाषा मला कळली नाही. पण आवाज जाड, खालचा, आणि मधेच असा फाटायचा की अंगावर काटा यावा. बाई म्हणाल्या, ह्याला सोल म्हणतात, सोल म्हणजे आत्मा. मी आईला नेऊन ऐकवलं. आईनं पदरानं हात पुसत शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "ही बी जात्यावर बसल्यागत गातीया की. आवाज चोरत न्हाई बाई." तेवढं मला बस झालं. मला असं गायचं होतं, पण माझ्या भाषेत, माझ्या आईच्या ओव्यांत. आणि त्याला गळा तयार पाहिजे होता.

म्हणून सांगलीला गेले. माझे मामा हळदीच्या पेठेत तोलार होते, पोती तोलायचे. घरात भांडी, अंथरुणं, केस, सगळं पिवळं. त्यांच्या ओळखीनं नदीच्या घाटाजवळ एका गुरुजींकडं गाणं सुरू केलं. गुरुजी मोठे होते, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. एक राग सहा-सहा महिने. स्वर केसाएवढा हलला तर डोळे मिटलेल्या माणसाची भुवई वर जायची. मला जे काही येतं त्यातला अर्धा हिस्सा त्यांचा. पण पहिल्या दिवशी त्यांनी मला गायला सांगायच्या आधीच पेटीवर काळी चार दाबली. मी म्हटलं, गुरुजी, मी खाली गाते. ते म्हणाले, बाईमाणसाची पट्टी हीच, गळा रुळेल.

गळा रुळला नाही. वरच्या स्वरांना मी टाचा उचलायचे, जणू फळीवरचा डबा काढायचाय. गाऊन घरी आले की घास गिळवायचा नाही. गुरुजी ज्येष्ठमधाची काडी चघळायला द्यायचे, मामा हळदीचं दूध द्यायचे. हळदीच्या पेठेत ऱ्हाऊन हळदीनं बरं न हुणारं दुखणं तूच आणलंस, म्हणायचे. पण मी चिकटून राहिले, कारण विद्या खरी होती. मग एका गुरुपौर्णिमेला सगळ्या शिष्यांनी थोडं थोडं गायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी पेटीवाल्याला काळी दोन मागितली. का मागितली? त्या दिवशी गुरूपुढं खोटं बोलवेना, म्हणून. गायले. चांगलं गायले. गुरुजींनी पूर्ण ऐकलं आणि मग हात लांब करून पेटीचा भाता स्वतः बंद केला.

"हे पुरुषांचं गाणं झालं," म्हणाले. "आपल्याकडं पुरुष सकाळच्या वर्गाला येतात."

मी म्हटलं, "मग मी सकाळी येते, गुरुजी."

सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी खरंच सकाळी गेले. दार उघडलं नाही. आतून पेटीचा आवाज येत होता आणि कोण गात होतं तेही मला कळत होतं. थोडा वेळ उभी राहिले, पायरीला हात लावला आणि निघाले. रडले नाही असं सांगणार नाही. घाटावर बसून चांगलं भोकाड पसरलं. पण पायरीला हात लावतानाच मनात ठरलं होतं, आता पोट भरलं तरी ह्याच पट्टीवर आणि उपाशी मेले तरी ह्याच पट्टीवर.

परत पाचगणीला आले. फ्रेनीबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि मुंबईला बहिणीकडं निघाल्या होत्या. जाताना आपला स्वतःचा उभा पियानो मला देऊन गेल्या. त्याच्या जोरावर एका हॉटेलात संध्याकाळी वाजवायचं काम मिळालं. हॉटेलचा मालक म्हणाला, नाव हौसा चालणार नाही, बोर्डावर 'मिस रोझी' लिहू आणि अंगात झगा घाल. मी म्हटलं, झगा तुम्ही घाला, मी वाजवते. नाव हौसाच लागलं आणि लुगडं नऊवारीच राहिलं. नव्या नवरानवरींना पियानोवर लुगड्यातली बाई बघून इतकी गंमत वाटायची की स्ट्रॉबेरी खायची विसरून फोटो काढत बसायची. गिऱ्हाइकं काय एकेक! एक रिटायर मेजर रोज येऊन तोच एक लष्करी मार्च मागायचे आणि वाजला की उभे राहायचे, त्यांच्याबरोबर वेटरनाही उभं करायचे. एका बाईनं विचारलं, हे तुम्ही आतून टेप लावता का? मी बोटं उचलून धरली. आवाज थांबला. बाई म्हणाल्या, करंट गेला वाटतं.

असं हसत-खेळत चाललं होतं, पण लपवून काय, ते गाणं नव्हतं. गाणं ऐकायला समोर बसलेली माणसं लागतात, चमचे हलवणारी नव्हे. रेडिओची परीक्षा दिली, आवाज पुरुषी म्हणून नापास झाले. गावोगावच्या मंडळांना विचारलं. कोण म्हणे पियानो म्हणजे चर्चचं, कोण म्हणे बाईनं एवढं जाड गाऊ नये, लहान पोरं दचकतात. मला एक खरं व्यासपीठ पाहिजे होतं. एवढीच माझी भूक होती.

ती भागायची वेळ आली फलटणकडच्या एका साखर कारखान्यामुळं. त्याचे चेअरमन हॉटेलात उतरले होते. त्यांनी माझ्या तोंडून एक ओवी ऐकली आणि म्हणाले, दसऱ्याला आमच्या बॉयलरची पूजा असती, तवा हे गाणं पायजे. मी हो म्हटलं. पंधरवड्यानं त्यांचा माणूस निरोप घेऊन आला. सांगलीचे गुरुजी प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते, चेअरमनची सून त्यांच्याकडं शिकलेली. गुरुजींचं म्हणणं असं होतं की, हौसा रीतसर, काळी चारमध्ये गाणार असेल तरच मी येतो. आणि मनासारखं झालं तर सांगलीच्या मोठ्या संमेलनात तिचं नाव मी घालतो.

संमेलन म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. तिथं एकदा गायलं की पुण्या-मुंबईची दारं आपोआप उघडायची, आणि तिथं नाही गायलं तर जन्मभर हॉटेलच्या चमच्यांचा ठेका ऐकायचा. मामा मुद्दाम सांगलीहून आले समजूत घालायला. एक दिवस गा की त्येंच्या मनासारखं, म्हणाले, लग्नात आपण नको त्या पावण्याच्याबी पाया पडतोच की. मला मोह झाला. झाला म्हणजे चांगलाच झाला. घरी काळी चारमध्ये गाऊन बघायला लागले. एका कार्यक्रमापुरतं निभावून नेता आलं असतं. गुरुजींचं दार पुन्हा उघडलं असतं, हेही मनात होतं, आणि खरं सांगायचं तर संमेलनापेक्षा त्याचीच ओढ जास्त होती.

पियानो कारखान्यावर पोचला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं, उसाच्या पाचटावर निजवून. नवमीच्या दिवशी तो मांडवात उभा केला आणि मी पाहुण्यांच्या खोलीत जाऊन पडले. दसऱ्याला सकाळी बॉयलर पेटला, नारळ फुटले, आणि कार्यक्रमाआधी मी हात मोकळा करायला म्हणून पियानोपाशी गेले. पियानोच्या गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला गंध, अंगावर हळद-कुंकू. मला बरं वाटलं. पट्टी दाबली, तर आतून आवाज आला तो पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवल्यासारखा.

वरचं झाकण उचललं आणि तेलाचा वास आला.

पियानोत तारा असतात, पोलादाच्या. प्रत्येक तार एका खुंटीला गुंडाळलेली असते आणि ती खुंटी लाकडाच्या फळीत नुसती घट्ट बसवलेली असते. तिला आटे नाहीत, नट नाही. कोरडी आहे तोवर धरते. तेल लागलं की घसरते, आणि खुंटी घसरली की तार सैल. हे मला ठाऊक, त्या मुलखात आणखी कुणाला असणार? कारखान्यात बाबालाल म्हणून फिटर होते, उसाच्या चरकापासून ऑफिसच्या पंख्यापर्यंत सगळं त्यांच्या हातचं. खंडेनवमीला कारखान्यातली झाडून सगळी यंत्रं पुसून, तेल देऊन पूजेला लावायची रीत. बाबालालनी मांडवात हे नवीन यंत्र बघितलं. आत शेकड्यानं खुंट्या, सगळ्या कोरड्या ठणठणीत. बिचाऱ्यांना वाईट वाटलं. त्यांनी उजव्या टोकापासून एकेक खुंटीला जीव लावून तेल घातलं. डाव्या टोकाला पोचायच्या आधीच बॉयलरवरनं बोलावणं आलं म्हणून ते गेले, तेवढ्या जाड्या तारा वाचल्या.

मी विचारलं, कुणी केलं हे? बाबालाल पुढं आले, चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघत. "मीच, ताई. लय कोरडं ठेवलंय तुमी," म्हणाले. मी त्यांना रागावणार होते, पण त्या चेहऱ्याकडं बघून मला हसू फुटलं आणि हसता हसता रडू. त्यांना काय झालं ते सांगितलं. माणूस पांढराफटक पडला. डोक्यावरची विणलेली टोपी काढून हातात धरली.

मांडव भरला होता. पुढं खुर्च्यांवर चेअरमन, संचालक आणि मधे गुरुजी, पांढरं धोतर, काळी टोपी. मागं जमिनीवर कारखान्याचे कामगार, बैलगाड्या सोडून आलेले ऊसतोडीचे लोक, बाया, पोरं. चेअरमन म्हणाले, पियानो बिघडला तर ऱ्हाऊ द्या, पेटीवर गावा. पेटीवाला तयारच होता. त्यानं भाता हलवला आणि काळी चार लावून धरली.

आता इथं मी एक गोष्ट ठासून सांगते, कारण पुढं लोकांनी ह्याची दंतकथा केली. म्हणतात, पियानो बिघडला म्हणून हौसाबाई खाली गायल्या, देवीचीच तशी इच्छा. खोटं आहे. डाव्या हाताच्या जाड्या तारांत सगळ्या पट्ट्या शाबूत होत्या, काळी चारसुद्धा. पियानोनं मला काही सांगितलं नाही. आमच्या औंधाच्या यमाईदेवीनंही सांगितलं नाही, तिला दुसरी कामं आहेत. पेटी काळी चार देत होती, गुरुजी माझ्याकडं बघत होते, संमेलन हाताच्या अंतरावर होतं. आणि मला एवढंच सुचलं की मागं बसलेल्या त्या बायांपुढं मी भाड्याचा आवाज घेऊन बसणार असेन तर फ्रेनीबाईंनी पट्ट्या वाया घालवल्या. ठरवलं ते मी.

पेटीवाल्याला म्हटलं, "भाऊ, बंद करा."

पियानोवर डाव्या हातानं खालची काळी दोन धरली आणि तिचा पंचम. फक्त दोन स्वर, आलटून पालटून, तंबोऱ्यासारखे, पण जाड, जमिनीतनं आल्यासारखे. उजवा हात मांडीवर ठेवून दिला. आधी शब्द घेतलाच नाही. नुसती हाळी दिली, लांब, आबांना द्यायचे तशी.

आणि मांडवाच्या मागच्या कडेनं कुणीतरी म्हणालं, "ओ."

एक ऊसतोडीवाला होता, पोराला चहा पाजत बसलेला. त्यानं काही दाद म्हणून दिली नव्हती. हाळी आली, सवयीनं ओ गेली. मांडव हसला. तो बिचारा लाजला. मी तीच हाळी पुन्हा दिली, जरा वरनं फिरवून आणली, आणि ह्या वेळी चार-पाच ओ आल्या. तिसऱ्या वेळेला आख्ख्या मागच्या मांडवानं दिली, बाप्यांनी, बायांनी, पोरांनी, आणि ती नेमकी माझ्या 'सा'वर येऊन बसली. मग मी आईची ओवी घेतली:

उसाच्या फडामंदी, वाट माजी हरवली
माज्याच हाळीनं गं, मला घरला आणली

गुरुजींनी शिकवलेलं सगळं त्यात ओतलं. एका ओवीला त्यांच्या रागाची सगळी वाट दाखवली. प्रत्येक फेरीला आवाज पाहिजे तिथं फाटू दिला, पाहिजे तिथं सांधला. टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. पहिल्यांदाच चारचौघांत मी माझ्या घरात बसून गात होते, आणि त्या घरात एवढी माणसं मावतील असं मला कधी वाटलं नव्हतं. गाणं संपलं तेव्हा मागच्या बाया टाळ्या वाजवत नव्हत्या, डोळे पुसत होत्या. त्यांना टाळ्यांची सवय नव्हती.

नंतर चहाला गुरुजी समोर आले. मी पाया पडले. त्यांनी कपातली साय बाजूला सारली, एक घोट घेतला आणि म्हणाले, "बेसूर नव्हतीस." कप ठेवला आणि गाडीत जाऊन बसले.

संमेलनात माझं नाव त्यांनी घातलं नाही. दारही उघडलं नाही. ते वारले तोवर आमची पुन्हा गाठ पडली नाही. त्यांच्याकडचे जे राग मला मिळायचे राहिले ते राहिलेच. दुसऱ्या कुणाकडं ते तसे नव्हते, आणि ह्याची हळहळ मला अजून आहे. पण त्या माणसानं उभ्या जन्मात तोंडावर कुणाची स्तुती केली नव्हती. त्यांचे ते दोन शब्द मी कुठल्याही मानपत्राच्या वर ठेवते. दोघंही हट्टी होतो. फरक एवढाच की त्यांच्या हट्टाला शास्त्र म्हणायचे आणि माझ्या हट्टाला उद्धटपणा.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्या मांडवातून बोलावणी सुरू झाली. एका कारखान्याची बातमी दुसऱ्या कारखान्याला उसाच्या गाडीपेक्षा लवकर पोचते. मग गणपती, मग जत्रा, मग पुणं, मुंबई, तबकड्या. नापास करणाऱ्या रेडिओनं बोलावलं. शेवटी ते संमेलनही आलं. सगळीकडं काळी दोन. बाबालालनी पॉलिश पेपरच्या बारीक पट्ट्या करून एकेक खुंटी काढून पुन्हा घट्ट बसवली, महिनाभर राबत होते. तेवढ्यात त्यांना पियानोचा नाद लागला. कारखाना सोडल्यावर ते माझ्याबरोबरच हिंडले, स्वर लावायला. कार्यक्रमाच्या आधी दरवेळी मला बजावायचे, ताई, कुणाला तेलाची बाटली घिऊन जवळ येऊ देऊ नगा. आता ते नाहीत. हात चालतात तोवर खुंट्या मीच आवळते.

गेल्या महिन्यात एक बाई तासगावाकडनं आली, बरोबर तेरा-चौदा वर्षांची लेक. पोरगी खाली मान घालून उभी. बाई म्हणाली, "आवं ताई, हिचा आवाज बापयागत हाय. शाळंत पोरं हसत्यात. कायतरी करून बरा करा."

मी पियानोला हात लावला नाही. बाईला म्हटलं, तुम्ही फाटकापाशी जाऊन उभ्या ऱ्हावा, रस्त्याकडं तोंड करून. पोरीला ओट्यावर आणली. म्हटलं, आईला हाळी दे. रानात देतीस तशी. पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, दे गं, हितं शाळा न्हाई.

पोरीनं छाती भरून हाळी दिली. अंगणातली कबुतरं उडाली.

आणि फाटकापाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या तिच्या आईनं मागं वळून न बघता "ओ" दिली.

मी पोरीला म्हटलं, "बघ. ज्यांनी ओळखायचं त्यांनी ओळखलं." मग आत जाऊन पट्टी शोधली. पांढरी एक निघाली, माझ्याही खाली. बाई मागून येऊन दारात उभी राहिली आणि विचारायला लागली, ताई, बरा हुईल न्हवं?

मी म्हटलं, आजारी असंल तर बरं करू. उद्यापासून सकाळच्या वर्गाला पाठवा.